माल किती, बारदान किती

लासलगावपासून 20 किलोमीटरवर एक गाव आहे. तिथे दोन चुलतभाऊ राहत. दोघांची कांद्याची शेती, आणि लासलगावात दोघांचं एकेक दुकान. थोरल्याचं खत-बियाण्यांचं, धाकट्याचं ठिबकच्या नळ्यांचं.

एका वर्षी चाळीतल्या उन्हाळ कांद्याला चांगला भाव मिळाला. दिवाळीला दोघांनी गाडी घ्यायचं ठरवलं. थोरल्याने सात जणांची, उंच, डिझेलवर चालणारी गाडी आणली. नारळ फुटला, हार पडला, पेढे वाटले, गाव बघायला जमलं. धाकट्याने लहान गाडी आणली. "एवढे पैसे आले, आणि हे काय आणलंस?" लोक त्याला तोंडावर म्हणाले. तो हसला आणि कामाला लागला.

मृग लागला तेव्हा थोरला हिशेबाला बसला. दुकानाचा जाऊन-येऊन फेरा 40 किलोमीटरचा. त्याला रोज चार लिटर डिझेल लागत होतं. धाकट्याला दोन लिटर पेट्रोल पुरून उरत होतं. गाडीत बिघाड असेल, असं थोरल्याला वाटलं. मेस्तरीने बॉनेट उघडलं, नळ्या तपासल्या, टायरमधली हवा पाहिली.

"गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला.

एके दिवशी थोरला कांद्याचा ट्रॅक्टर वजन करायला भुईकाट्यावर घेऊन गेला. बोलता बोलता त्याने गाडीचं गाऱ्हाणं सांगितलं. काटेवाला म्हातारा होता. त्याचं सगळं आयुष्य वजनं करण्यात गेलं होतं.

"भाऊ, उद्या गाडीच आणा काट्यावर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी काट्यावर चढली. 2,070 किलो.

"आता तुम्ही उतरा."

2,000 किलो.

काटेवाल्याने पावती फाडली. भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ माल 70 किलो. तेवढ्यात धाकटा दुकानाला निघालेला दिसला. काटेवाल्याने त्यालाही हाक मारली. त्याची गाडी त्याच्यासकट 820 किलो भरली, तो उतरल्यावर 750. माल 70 किलो.

दोन्ही पावत्या काटेवाल्याने थोरल्याच्या हातात दिल्या.

"माल दोघांचा सारखाच आहे, भाऊ. पण 70 किलो माल आणायला तुम्ही रोज 20 क्विंटल बारदान ओढता. डिझेल खातंय ते बारदान."

"पण बाबा, हिच्यात सात माणसं बसतात!"

"बसतात खरी. बसली किती वेळा?"

थोरला आठवू लागला. चैत्रात सगळे वणीच्या गडावर गेले होते. वैशाखात मेहुणीचं लग्न झालं. तिसरा दिवस काही आठवेना.

"त्या लग्नाला आम्ही भाड्याची गाडी केली होती," धाकटा म्हणाला.

ज्या घरातून रोज सहा-सात माणसं एकत्र निघतात, त्या घराला मोठी गाडी हवीच. तिथे बारदान वसूल होतं. थोरला मात्र रोज एकटा जात होता. शिवाय डिझेल काही आपल्या शेतात पिकत नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून विकत आणावं लागतं. आणि एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पैसे ज्याचे त्याच्या खिशातून जातात, हवा मात्र सगळ्या गावाची असते.

दसऱ्याला थोरल्याने मोठी गाडी विकली. घेतली त्यापेक्षा बरीच कमी किंमत आली. त्यातच त्याने लहान गाडी घेतली, आणि उरलेल्या पैशांतून कांद्याची चाळ वाढवली.

तुम्ही गाडी घ्यायला निघालात, तर तिच्यात रोज किती माणसं बसणार, ते आधी मोजा. तेवढीच गाडी घ्या.