सांभाळणं आणि सांभाळून घेणं

उपासना संपली की आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बाया पायऱ्या उतरताना भेटेल त्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, ‘देव सांभाळो.’ आम्ही ज्यांना ‘पाळक’ म्हणतो, त्यांच्या नावातच पाळणं आहे, जपणं आहे. पण मराठीत सांभाळणं या शब्दापुढे ‘घेणं’ आलं की अर्थ पार फिरतो. सांभाळणं म्हणजे जपणं. सांभाळून घेणं म्हणजे चालवून घेणं, एखाद्याच्या चुकीवर पांघरूण घालणं. चर्चमधल्या मुलांच्या सुरक्षिततेचा सगळा प्रश्न मला या दोन शब्दांमधल्या अंतरात दिसतो.

मी बावीस वर्षं संडेस्कूल शिकवलं. चर्चमागची ती खोली अजून डोळ्यांसमोर आहे. खाली सतरंजी, कोपऱ्यात पेटी आणि नाताळच्या देखाव्याचं सामान, भिंतीवर मुलांच्या घोळक्यात बसलेल्या येशूचं फ्रेम केलेलं चित्र. दार सागवानी, त्याला आतून कडी. आमचा गलका उपासनेत ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही ती लावत असू. एका डिसेंबरात नाताळच्या नाटकाची तालीम चालली होती. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘बाई, मला सरांबरोबर तालीम नको.’ देवदूतांचे पंख शिवायचे राहिले होते, मी घाईत होते. ‘असं बोलू नये बाळा, सर किती मेहनत घेतात,’ असं म्हणून मी तिला परत पाठवलं. जानेवारीपासून ती यायची थांबली. मार्चमध्ये आम्ही हजेरीपटातून तिचं नाव काढलं. तिच्या घरी जाऊन कुणी विचारलं नाही. मीही नाही. सरांनी काही केलं होतं, असा आरोप मी आज करत नाही. मी तिला ‘का गं?’ एवढंसुद्धा विचारलं नाही, हा माझा दोष मी कबूल करते. एका लहान मुलीनं धीर एकवटून एक वाक्य उच्चारलं होतं, आणि मी तिला सांभाळण्याऐवजी सरांना सांभाळून घेतलं.

ही सवय मोठ्या प्रमाणावर काय करू शकते, ते इंग्लंडमधल्या जॉन स्मिथ प्रकरणात दिसतं. हा गृहस्थ नामांकित बॅरिस्टर. त्याला धर्मगुरूची दीक्षा नव्हती. सुखवस्तू घरांतल्या मुलांसाठी भरणाऱ्या ख्रिस्ती शिबिरांमधला तो एक वजनदार कार्यकर्ता होता. विंचेस्टरमधल्या आपल्या घराच्या बागेतल्या शेडमध्ये तो मुलांना पापाचं प्रायश्चित्त म्हणून छडीनं रक्त निघेपर्यंत मारायचा. 1982 मध्ये एका धर्मगुरूनं या प्रकाराचा लेखी अहवाल तयार केला. तो मोजक्या लोकांनी वाचला, पोलिसांकडे मात्र कुणी गेलं नाही. 1984 मध्ये स्मिथ झिंबाब्वेला गेला आणि तिथे त्यानं पुन्हा शिबिरं भरवली. 1992 मध्ये त्यातल्या एका शिबिरात सोळा वर्षांचा मुलगा पोहण्याच्या तलावात मरण पावला. 2013 मध्ये इंग्लंडमधल्या चर्चच्या अगदी वरच्या वर्तुळापर्यंत माहिती पोचली, तरी ती पोलिसांकडे रीतसर गेली नाही. 2018 मध्ये स्मिथ केपटाउनला वारला. त्याच्यावर इंग्लंडमध्ये कधीच खटला उभा राहिला नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये कीथ मॅकिन यांचा चौकशी अहवाल आला. त्यानुसार तीन देशांत मिळून सुमारे 130 मुलगे आणि तरुण त्याच्या छळाला बळी पडले असावेत. पाच दिवसांत कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला.

या प्रकरणात मला स्मिथपेक्षा 1982 चा तो अहवाल वाचलेली माणसं जास्त अस्वस्थ करतात. ती दुष्ट नव्हती. प्रार्थना करणारी, मंडळीवर जीव असलेली माणसं होती. बाहेर कळलं तर देवाच्या कामाला बट्टा लागेल, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि त्या वाटण्याची किंमत दुसऱ्या खंडातल्या मुलांनी मोजली.

‘हे तिकडचं, आपल्याकडे असं नसतं,’ असं आपण म्हणतो. फ्रान्समध्येही तसंच म्हणत होते. 2021 मध्ये तिथल्या स्वतंत्र आयोगानं अंदाज मांडला की 1950 पासून कॅथलिक धर्मगुरू आणि व्रतस्थांकडून सुमारे 2,16,000 मुलांचं लैंगिक शोषण झालं. आणि त्याच वर्षी, डिसेंबरात, मुंबईच्या विशेष न्यायालयानं अल्पवयीन मुलावरच्या अत्याचाराबद्दल एका धर्मगुरूला जन्मठेप सुनावली.

मग आपण गप्प का राहतो? मला वाटतं, आपले चांगले गुणच इथे आडोसा होतात. पाळकसाहेबांचा मान राखावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, म्हणून त्यांच्याबद्दल शंका मनात आणणंही पाप वाटतं. क्षमा हा तर आपल्या श्रद्धेचा गाभा. पण ज्याच्या अंगाला जखम झाली, त्याच्या वतीनं क्षमा करण्याचा अधिकार पंचकमिटीला कुणी दिला? शिवाय क्षमा झाली म्हणून त्या माणसाच्या हाती पुन्हा मुलं सोपवायची, हे कोणत्या शुभवर्तमानात आहे? लहानग्यांना अडखळण करणाऱ्याविषयी बोलताना येशूनं गळ्यात बांधलेल्या जात्याच्या तळीची आणि खोल समुद्राची गोष्ट केली. एवढं कठोर तो फार थोड्या वेळा बोलला.

आणखी एक कारण आपण कुजबुजीतच बोलतो. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी आहेत. आपल्या घरातलं वाईट बाहेर गेलं तर आपल्यावर टपलेल्यांच्या हाती कोलीत मिळेल, ही भीती खोटी नाही, मीही ती अनुभवली आहे. पण या भीतीचं ओझं आपण सर्वांत लहान खांद्यांवर टाकतो. समाजाची अब्रू राखण्याचं काम आठ वर्षांच्या पोराकडे देतो आणि त्यासाठी त्याला जन्मभर गप्प राहायला लावतो. ज्या अब्रूला एका मुलाचं मौन लागतं, ती राखण्यासारखी अब्रूच नव्हे.

कायद्यानं हा प्रश्न आपल्या मर्जीवर ठेवलेलाही नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे, अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. दडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेनं माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. धार्मिक संस्थेतल्या माणसानं तिथल्याच मुलावर असा गुन्हा केला तर तो अधिक गंभीर धरला जातो. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, त्या वेळी पोलीस अधिकारी गणवेशात नसावा असं कायदाच सांगतो, आणि मुलाचं नाव गुप्त राहतं. आधी बिशपसाहेबांना विचारू, आधी कमिटीत चर्चा करू, हे शब्द या कायद्यात कुठेही नाहीत.

इंग्लंडमध्ये आता जवळजवळ प्रत्येक चर्चच्या दर्शनी फलकावर मुलांच्या संरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर असतो. नोव्हेंबरातला एक रविवार अनेक मंडळ्या याच विषयासाठी राखून ठेवतात. त्यांना हे शहाणपण फार उशिरा आणि फार महागात मिळालं. आपल्याला ते इतकं महाग पडायचं कारण नाही. मुलांच्या वर्गात नेहमी दोन मोठी माणसं असावीत. तरुण संघाच्या शिबिराला किंवा रात्रीच्या कॅरोल फेरीला मुलं पाठवताना परतीला कोण कुणाला सोडणार, हे लिहून ठेवावं. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावी, असं 2020 चे पॉक्सो नियम सांगतात. संडेस्कूलमध्ये नव्यानं शिकवायला येणाऱ्यानंही ती आनंदानं करून घ्यावी. चांगल्या शिक्षकाचा त्यात अपमान नाही. उलट उद्या त्याच्यावर खोटं किटाळ आलं, तर हीच शिस्त त्याच्या बाजूनं उभी राहील.

आणि एखादं मूल काही सांगू लागलं, तर पंख शिवायचे बाजूला ठेवा. त्याच्या उंचीला येऊन बसा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागणार आहे. खोदून खोदून विचारू नका, त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही,’ एवढं म्हणा. ते जे बोललं, ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि त्याच दिवशी पुढे कळवा.

येत्या रविवारी उपासना संपल्यावर घरी जायची घाई करू नका. मुलांच्या खोलीपर्यंत चालत जा. दाराला आतून कडी असेल तर कमिटीच्या बैठकीची वाट न पाहता ती काढून टाका, आणि जमलं तर दारात हातभर काच बसवून घ्या. सूचनाफलकावर मुलांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत बालमदतीचा 1098 हा नंबर लिहा. सांभाळणं इथून सुरू होतं.