बोगद्यापलीकडचे मौन

दोन भावंडांपैकी एक अबोल आणि दुसरे बोलके असले, की घरात तुलना सुरू होते. बालांसाठीची चित्रपुस्तके पुष्कळदा तीच तुलना कथारूपाने पुढे नेतात : अबोल मूल अखेरीस चारचौघांत मिसळू लागते आणि कथा सुखान्त ठरते. अंतर्मुखता हा स्वभाव आहे की दुरुस्त करावयाचा दोष, हा नैतिक प्रश्न या सुखान्तात दडपला जातो.

अँथनी ब्राउन या इंग्रज चित्रकार-लेखकाचे ‘द टनेल’ (१९८९) हे पुस्तक या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. यातील बहीण घरात पुस्तके वाचत, स्वप्ने पाहत बसणारी. भाऊ बाहेर मित्रांसह दंगामस्ती करणारा. त्यांच्या भांडणांना कंटाळून आई दोघांना बाहेर पाठवते. भाऊ एका बोगद्यात शिरतो आणि परतत नाही. भ्यालेली बहीण त्याच्या मागे जाते. पलीकडच्या अरण्यात तिला भाऊ सापडतो तो दगड झालेला. ती त्याला मिठी मारते आणि तो हळूहळू पुन्हा माणूस होतो.

येथे बहीण ‘धीट’ झाली, म्हणजे भावासारखी झाली, असे वाचन सहज संभवते. पण संहिता त्याला दुजोरा देत नाही. लांडगे आणि चेटकिणी यांचे तिचे भय तिच्या वाचनातूनच आलेले आहे, आणि ते न ओसरताच ती पुढे जाते. भावाला सोडवते तीही शब्दाविना. दगड होतो तो मात्र सदैव हालचाल करणारा भाऊ. शिवाय निवेदनात तोवर केवळ ‘बहीण’ आणि ‘भाऊ’ असणाऱ्या या दोघांना रोझ व जॅक ही नावे सुटकेनंतरच लाभतात. नमुन्यांच्या जागी व्यक्ती येतात. शेवटी आईच्या प्रश्नावर दोघे एकमेकांकडे पाहून फक्त हसतात. मौन बरे होत नाही. ते दोघांचे होते.

तरीही एक शंका उरते. रोझचे मोल आपल्याला पटते ते तिने भावाला वाचवले म्हणून. ती बोगद्याच्या तोंडाशीच रडत थांबली असती तर? कथेला कृती हवी असते, म्हणून कथा हा प्रश्न टाळू शकते. वाचून दाखवणाऱ्या आईवडिलांना आणि समीक्षकाला मात्र तो टाळता येणार नाही. कारण उपयोगी पडल्यावरच मान्य होणारा स्वभाव खऱ्या अर्थाने मान्य झालेलाच नसतो.