न झालेले दर्शन

देवाच्या दारी जाऊन देव न भेटता परत यावे, आणि तरीही यात्रा फुकट गेली असे वाटू नये, असा अनुभव मला आयुष्यात एकदाच आला. तो देव म्हणजे एक खार होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर भाविक वाचक दोन पाने वाचून माझ्यावर रागावतील.

आम्ही अंबाजोगाईचे. परळीचा वैजनाथ आम्हांला इतका जवळचा, की त्याच्याकडे आम्ही पाहुण्यासारखे न जाता शेजाऱ्यासारखे जातो. भीमाशंकराचे तसे नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी माघात आमच्या हिने तिकडे जायचे मनावर घेतले, आणि चौथीतल्या नातीने त्याला आपला एक नवस जोडून दिला. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आणि तो भीमाशंकरच्या रानात राहतो, एवढे तिला शाळेत शिकवले होते. "आजोबा, तुम्ही देव बघा, मी शेकरू बघते," असा तिने कामाचा वाटाच पाडून टाकला. मांजरसुंबा, अहिल्यानगर, शिरूर, मंचर असे करीत आम्ही पोचलो, तोपर्यंत गाडीतले सगळेच शेकरूचे भक्त झाले होते.

खार म्हटली की आपल्याला अंगणातली खार आठवते. रामाने पाठीवरून बोटे फिरवलेली, सेतूसाठी वाळूचे कण वाहणारी, आणि हल्ली वाळवणावर टपून बसणारी. शेकरू तिच्याच कुळातला, पण डौल वेगळा. अंग तांबूस-तपकिरी, पोट फिकट, शेपूट अंगाहून लांब आणि झुबकेदार. वजन दीड-दोन किलो. ह्या झाडावरून त्या झाडावर तो वीस फुटांची उडी घेतो आणि जमिनीला सहसा पाय लावत नाही. त्याचा सगळा संसार झाडांच्या शेंड्यांत. म्हणूनच त्याला नुसती झाडे पुरत नाहीत. फांदीला फांदी लागलेली झाडे लागतात. मध्ये रस्ता आला, तोड झाली, की रानाची दोन बेटे होतात आणि शेकरू एका बेटावर अडकतो. आमच्या बाजूला झाडे आहेत, नाहीत असे नाही; पण एक बाभूळ ह्या बांधावर तर दुसरा लिंब त्या बांधावर. एकमेकांचा हात हातात घेतलेली झाडे नातीने पहिल्यांदा पाहिली ती भीमाशंकरलाच.

त्या रानाला 1985 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे 130 चौरस किलोमीटर. देवळाच्या पायऱ्या उतरून दर्शन झाले आणि आम्ही गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागलो. वाट दाखवायला तिथलाच एक महादेव कोळी गृहस्थ होता. त्याने दोन गोष्टी शिकवल्या. एक, खाली पडलेली कुरतडलेली फळे पाहायची. दुसरी, वर घरटी पाहायची. डहाळ्यांचे आणि पानांचे मोठाले गोळे, बारीक फांद्यांच्या टोकाशी अडकवलेले. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतो. एकात निजतो, एकात पिले ठेवतो, एखादे नुसतेच असते. वनखाते शेकरूंची मोजदाद करते तेव्हा जनावराइतकेच लक्ष ह्या घरट्यांकडे असते. मला ही पद्धत फार समंजस वाटली. घर मोजावे, घरधन्याला हाका मारू नयेत.

हे समंजसपण माझ्या अंगी मात्र तासभरच टिकले. दोन तास हिंडलो, सात घरटी मोजली, एकदा पानाआड कट-कट असा खडखडाट ऐकला, पण शेकरू काही दिसेना. ऊन वर आले. ह्या वेळी तो निजून असतो, असे वाटाड्या म्हणाला. नातीचे डोळे भरून आले होते. समोर एक घरटे होते, फार उंच नव्हे. त्यात हिरवी पाने नुकतीच खोवलेली दिसत होती. मी इकडेतिकडे पाहिले आणि खाली वाकून एक खडा उचलला. मारायचा नव्हताच, नुसता जवळच्या फांदीला लावायचा होता. पस्तीस वर्षे मुलांना कैऱ्या पाडू नका म्हणून शिक्षा केलेला हात माझा!

मागून ही म्हणाली, "अहो, मघाशी देवळात तासभर रांगेत उभे होतात, तेव्हा गाभाऱ्यावर नाही मारलात दगड."

वाटाड्या तोंड फिरवून हसला. खडा माझ्या हातातच राहिला. नात विचारीत होती, "आजी, पण आत शेकरू आहे का?" "असेल," ही म्हणाली, "नसेल तर येईल." तेवढ्यावर आम्ही परतलो.

तेव्हापासून हा प्रश्न मला सोडीत नाही. नातीसाठी खडा उचलला असे मी त्या दिवशी स्वतःला सांगितले. ते खोटे होते. मला शेकरू पाहायचा होता, आणि पाहिल्याचे परत आल्यावर सांगायचे होते. एखादी गोष्ट आहे एवढ्याने आपले समाधान होत नाही. ती आपल्याला दिसली पाहिजे. विलायतेत ह्याचा मोठा दाखला आहे. तिथली तांबडी खार मूळची. 1876 साली एका हौशी जमीनदाराने उत्तर अमेरिकेतली करडी खार आणून आपल्या बागेत सोडली. पुढे आणखी कित्येकांनी सोडल्या. कारण? दिसायला छान! करड्या खारीच्या अंगात एक देवीसारखा रोग असतो. तिला स्वतःला तो बाधत नाही, तांबडीला मात्र पंधरवड्यात संपवतो. शिवाय दाणापाण्यातही करडी वरचढ. आता इंग्लंडच्या बऱ्याच भागांत तांबडी खार राहिली नाही. ती शोधायला लोक रानात नळ्या बांधून ठेवतात आणि आत चिकटलेले केस तपासतात. अँगलसी बेटावर तांबडी पुन्हा वाढली, पण त्यासाठी बेटावरच्या करड्या मारून संपवाव्या लागल्या. कुणाच्या आजोबांनी हौसेने आणले, नातवंडांना बंदुकीने निस्तरावे लागले. ह्यात त्या करड्या खारीचा अपराध काय, ह्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

मग मी गावोगाव सांगत सुटलो, की ज्याला राखायचे त्याला पाहण्याचा हट्ट सोडावा. मूळ गावी, धारूरच्या बाजूला, पारावर हेच सांगत होतो. माझा एक जुना विद्यार्थी तिथे बसला होता. तो मुकादम आहे. दसरा झाला की माणसे घेऊन कारखान्याकडे निघतो. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "गुरुजी, त्या खारीची घरटी सरकार मोजतंय, चांगलं आहे. आमच्या कोप्या कुणी मोजल्या का?"

मी म्हटले, "तुमची नोंद असते की, इतके कोयते म्हणून."

"कोयते," तो म्हणाला, आणि तंबाखू मळू लागला.

मला समजायला थोडा वेळ लागला. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा. लेकरे ह्या हिशेबात येतच नाहीत. उसाच्या पाचटाची कोपी, सहा महिन्यांचा संसार, पट्टा पडला की मोडायची. हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. माझ्या वर्गातल्या बाकांवरची मुले दिवाळीच्या सुमारास नाहीशी होत, आणि मी हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा करीत असे; खाडाखोड न करता, सुवाच्य अक्षरात. जे दिसले नाही त्याच्यासाठी मी भीमाशंकरला हळहळलो, आणि जे रोज डोळ्यांसमोर होते ते पस्तीस वर्षे दिसले नाही. म्हणजे माझे ते पारावरचे तत्त्वज्ञान निम्मेच खरे होते. दिसण्याचा आणि जपण्याचा संबंध नाही, हे दोन्ही बाजूंनी खरे आहे, आणि दुसरी बाजू मला फार अडचणीची होती.

खारीची चिंता करणारा माणसाला विसरतो, असा ह्यातून कुणी अर्थ काढील. मुकादमानेसुद्धा तो काढला नव्हता; "चांगलं आहे," असेच तो म्हणाला होता. शेकरूच्या रानातल्या माणसांनाही अभयारण्याचे नियम पाळूनच हिरडा वेचावा लागतो. शेकरू आहे ह्या माझ्या समाधानाची किंमत त्यांतली थोडीफार ते भरतात, मी नाही. आपण जपतो म्हणजे बहुतेकदा दुसऱ्या कुणाला तरी जपायला लावतो.

यंदा दसऱ्यानंतर गावातून ट्रक निघाले तेव्हा मी नातीला घेऊन पारावर जाऊन बसलो. ती आता सातवीत आहे. मुकादमाची परवानगी घेतली आणि वहीत कोयते न लिहिता माणसे लिहिली. दोन ट्रक, एकेचाळीस माणसे, त्यांत अकरा लेकरे. एक मुलगी सहावीतली होती. तिने आपले नाव स्वतःच वहीत लिहून दिले, अक्षर माझ्याहून चांगले. ट्रक वळणाआड गेल्यावर नातीने विचारले, "आजोबा, परत किती आली तेही लिहायचं ना?"

त्या पानावर उजवीकडे एक रकाना रिकामा सोडला आहे. चैत्रात बघू.