विनामूल्य वस्तूचें ऋण

पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचें ऋण पैसे देतांच फिटतें. चोरून घेतलेल्या वस्तूचें ऋण दंडानें किंवा पश्चात्तापानें फेडावें लागतें. परंतु जी वस्तु तिच्या कर्त्यानें सर्वांसाठीं खुली ठेवून दिली आणि जिच्याबद्दल त्यानें कांहींच मागितलें नाहीं, तिचें ऋण असतें काय, आणि असल्यास तें कोणास व कसें फेडावें, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं. आमच्या घरीं घडलेल्या एका लहानशा प्रसंगानें तो आमच्यापुढें उभा केला, म्हणून आधीं तो प्रसंगच सांगतों.

आमचे वडील नाशिकरोड येथील नोटांच्या छापखान्यांत तीस वर्षें नोकरीस होते. निवृत्तीनंतर त्यांनीं आपल्या आठवणी लिहिल्या आणि २००३ सालीं एका टंकलेखकाकडून त्या संगणकावर उतरवून घेतल्या. पुढें मूळ हस्तलिखित पावसाच्या ओलीनें गेलें, आणि वडीलही गेले. कांहीं महिन्यांपूर्वीं त्या आठवणी छापवून नातवंडांच्या हातीं द्याव्या असें मनांत येऊन आम्हीं ती जुनी फाइल उघडली, तों पडद्यावर मराठीचें एक अक्षर नाहीं. रोमन अक्षरें आणि चिन्हें यांची नुसती खिचडी! युनिकोड ही सर्व लिप्यांची समाईक सांकेतिक पद्धति १९९१ पासून अस्तित्वांत असली, तरी त्या काळीं आपल्याकडील बहुतेक मराठी टंकलेखन तिच्याबाहेरच होत असे. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत, आणि तो विशिष्ट फॉन्ट संगणकांत नसला कीं मजकूर वाचतां येत नसे. वडिलांचे शब्द आमचे खरे, पण त्यांची किल्ली दुसऱ्याची, अशी ही अवस्था होती.

आमचा भाचा महाविद्यालयांत शिकतो. तो म्हणाला, "मामा, तो फॉन्ट शोधत बसूं नका. मजकूरच युनिकोडांत आणूं." जुन्या फॉन्टांतील लेखन युनिकोडांत उतरविणारीं परिवर्तकें हौशी मंडळींनीं तयार करून सर्वांसाठीं खुलीं ठेविलीं आहेत, त्यांपैकीं एक त्यानें मिळविलें. निघालेला मजकूर लिब्रेऑफिसमध्यें भरला, त्यास मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकार मंडळीचा 'मुक्ता' हा खुला फॉन्ट लाविला, आणि ऐंशी पानें वडिलांच्या भाषेंत बोलूं लागलीं. कोठें जोडाक्षर फुटलें होतें, कोठें 'दुसऱ्या'मधला अर्धा रकार जागा सोडून बसला होता. असे दोष आम्हीं आठ रात्रीं बसून दुरुस्त केले. आमच्या जुन्या संगणकावरील विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली होती आणि नवी आवृत्ति त्या यंत्रास पेलण्यासारखी नव्हती; म्हणून त्यावर त्यानें लिनक्स बसविलें, गाणीं व चित्रपट यांसाठीं व्हीएलसी घातलें, यंत्र सुरू होतांच आपोआप जागे होणारे अनावश्यक कार्यक्रम बंद केले आणि मराठी लिहिण्यास इनस्क्रिप्ट कळफलक लावून दिला. भंगारांत जाणारें यंत्र पुन्हां कामास आलें.

"एकंदर किती झाले?" आम्हीं विचारलें.

"कांहीं नाहीं, मामा."

"अरे, पण कोणास तरी द्यावेच लागतील ना?"

"कोणासच नाहीं."

या उत्तरानें आम्हांस आनंद व्हावयास हवा होता. पण खरें सांगावयाचें तर मन थोडें अस्वस्थ झालें. १९२८ पासून ज्या ठिकाणीं नोटा छापल्या जातात, तेथें प्रत्येक कागदाचा हिशेब असतो. नोटेची सारी किंमत दुसऱ्या कोणीं तिची नक्कल करूं नये यावर उभी असते. वडिलांचें आयुष्य त्या नियमांत गेलें, आणि त्यांच्या आठवणी मात्र ज्यांची नक्कल कोणींही करावी अशा साधनांनीं वांचविल्या!

हीं साधनें फुकट आहेत एवढेंच म्हणणें म्हणजे त्यांचा अर्धाच परिचय करून देणें होय. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं ही चळवळ आरंभिली, तेव्हां त्यांचा रोख किंमतीवर नव्हता. सॉफ्टवेअर हव्या त्या कामास वापरावें, तें आंतून कसें चालतें हें पाहावें, त्याच्या प्रती वांटाव्या, आणि तें सुधारून ती सुधारणाही वांटावी, या चार मोकळिका प्रत्येकास असाव्या, हें त्यांचें म्हणणें. १९८९ सालीं निघालेल्या त्यांच्या परवान्यांत एकच मोठी अट आहे: तुम्ही तें सॉफ्टवेअर मूळ रूपांत किंवा सुधारून पुढें दिलें, तर मिळालेल्या याच मोकळिका घेणारासही द्या. हेलसिंकी येथील एक विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यानें १९९१ सालीं आरंभिलेलें लिनक्स, आणि पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचें, २००१ सालीं खुलें झालेलें व्हीएलसी, हीं दोन्ही याच परवान्याखालीं जगभर पसरलीं.

आतां आमच्या मध्यमवर्गाची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वाचनालयांतील पुस्तक लांबविणारास आम्ही चोर म्हणतों. परंतु विकाऊ सॉफ्टवेअरची चोरटी प्रत घरांत ठेवणें यास आम्ही व्यवहारचातुर्य समजतों. आमच्याही यंत्रांत अशी एक प्रत कित्येक वर्षें होती. खिशास दोन्ही सारखींच, म्हणून आम्ही 'फुकट' या एकाच शब्दांत दोन्ही कोंबतों. वस्तुतः एक कर्त्याच्या संमतीविरुद्ध घेतलेलें असतें, तर दुसरें त्याच्या संमतीनें मिळालेलें. ज्यास हा भेद दिसत नाहीं, त्यास ऋणाचा प्रश्न सुचणेंच शक्य नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, देणाराचें देण्यानें कांहींच कमी झालें नाहीं; दिव्यानें दिवा लाविला, मग ऋण कसलें? शिवाय लिनक्सचें बरेंचसें काम आज मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी लोक करतात. त्यांचें ओझें नाशिकच्या गृहस्थानें कां वाहावें? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. नक्कल करण्यास खर्च येत नाहीं. निगा राखण्यास येतो. विद्या दिल्यानें वाढते, परंतु शिक्षकाचे तास खर्चच होतात. आमच्या शहराचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालीं निघालें, तें आजवर टिकलें तें केवळ पुस्तकें मिळालीं म्हणून नव्हे. कोणी तरी रोज दार उघडलें म्हणून.

दार उघडणारा थकला म्हणजे काय होतें, याचीं दोन उदाहरणें देतों. असंख्य संकेतस्थळांचे गुप्त व्यवहार सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलमध्यें २०१४ सालीं 'हार्टब्लीड' नांवाचें मोठें छिद्र सांपडलें. तेव्हां त्या कामास पूर्ण वेळ वाहिलेला जेमतेम एक मनुष्य होता, आणि वर्षाकाठीं मिळणाऱ्या देणग्या सुमारें दोन हजार डॉलर. पुढें २०२४ सालीं एक्सझेड या लहानशा साधनांत, मदतनीस म्हणून शिरलेल्या कोणीं तरी चोरदरवाजा ठेविला. मूळ सांभाळणारा विनावेतन राबून थकला होता, आणि त्याच्या थकव्याचाच फायदा घेतला गेला. तो कावा उघडकीस आला, तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास एका कामीं सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असें दिसलें, आणि त्यानें तें सोडून न देतां मुळापर्यंत तपासलें म्हणून.

आम्ही मात्र काय करतों? साधन अडलें कीं धर्माच्या गाईचे दांत मोजूं लागतों.

तेव्हां ऋण आहे, असें आमचें मत झालें. तें फेडावें कोणास? येथें आम्हांस आपल्याकडील जुनी ऋणत्रयाची कल्पना उपयोगी पडली. त्यांतील ऋषिऋण फेडण्यासाठीं ऋषीस दक्षिणा पोंचवावी लागत नाहीं. तो केव्हांच निघून गेलेला असतो. तें अध्ययन करून आणि शिकलेलें पुढें शिकवून फेडावयाचें असतें. मुक्त साधनांचें ऋण या जातीचें आहे. ज्यास शक्य असेल त्यानें थोडी देणगी द्यावी. पण ज्यास तेंही शक्य नाहीं त्यानें एखादा दोष नीट लिहून कळवावा, मराठी शब्द सुचवावे, शेजाऱ्याचें जुनें यंत्र चालू करून द्यावें. यांतील कोणतेंच काम आमच्या वर्गाच्या आवाक्याबाहेरचें नाहीं. आम्हांस फक्त तें आपलें काम वाटत नाहीं.

आठ रात्रीं दुरुस्त्या करीत असतां कोणतीं अक्षरें परिवर्तकानें चुकविलीं तें आम्हीं वहींत टिपून ठेविलें होतें. भाच्याच्या मदतीनें ती एकवीस चुकांची यादी आम्हीं त्या परिवर्तकाच्या कर्त्यास पाठविली. पंधरा दिवसांनीं दोन ओळींचें उत्तर आलें: त्यांतील अठरा दुरुस्त केल्या आहेत, उरलेल्या तिहींचे नमुने आणखी पाठवावे. आम्हीं वडिलांच्या आठवणींतून तीं वाक्यें निवडून काढलीं आणि त्याच रात्रीं रवाना केलीं.