नादारी

'इन्सॉल्व्हन्सी' म्हणजे देणे फेडण्याची असमर्थता. बी.कॉम.ला हे मी घोकून पास झालो, म्हणून परवा पिंगळीच्या काउंटरवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने वकिलाची चिठ्ठी पुढे करून "सायेब, हे इन्सॉल्व्हंट म्हंजी काय?" असे विचारताच मी ऐटीत म्हणालो,

"दिवाळखोर!"

म्हातारा चमकला. "दिवाळं काढाया म्या काय शेठ हाय? बुडवायचं न्हाई मला. हातातच काई न्हाई!"

इथे आमची भाषा अडवते. बुडालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावी, म्हणून म्हणे 'दिवाळे'. इथवर ठीक. पण त्याला 'खोर' चिकटला आणि बिचारा चहाडखोर, लाचखोर यांच्या पंक्तीला जाऊन बसला. देता येत नाही आणि द्यायचे नाही, दोघांना एकच पाट! कायद्याचा शब्द मात्र सभ्य आहे. 1920 च्या कायद्यात नादारीच्या अर्जाला पाचशे रुपयांचे देणे पुरे होते. (तेवढे माझे वाण्याकडे कायम असते.) 2016 च्या संहितेत बड्या कंपनीचे कर्ज सोडावे लागले, की आम्ही बँकवाले त्याला 'हेअरकट' म्हणतो. जणू कंपनी न्हाव्याकडे जाऊन आली!

"बाबा, दिवाळखोर नव्हे. नादार," मी शब्द बदलला.

म्हातारा खुलला. "नादारी? माझ्या पोराला साळंत व्हती की!"

मलाही होती. फी माफ, आणि वर्गात मान ताठ.

"तवा फी माफ झाली. आता काय माफ व्हईल, सायेब?"

मी व्याख्या पुन्हा आठवून पाहिली. मग पुढचे टोकन पुकारले.