पन्नास टक्के आणि एक मत

ज्या संस्थेवर हजारो माणसे पिढ्यान्‌पिढ्या जीव लावतात त्या संस्थेचा अखेरचा मुखत्यार कोण असावा, हा प्रश्न वरकरणी कायदेपंडितांचा दिसला तरी तो मुळात समाजशास्त्राचा आणि काही अंशी नीतिशास्त्राचाही आहे. भागपत्रावर ज्याचे नाव तो धनी, एवढ्या उत्तराने दिवाणी दावा निकालात निघेल. परंतु जिचे सारे मोल बाहेरच्या माणसांच्या निष्ठेतून निर्माण झालेले असते आणि प्रेक्षक उठून गेले तर जिच्यापाशी गवताच्या एका आयताखेरीज काही उरत नाही, अशा संस्थेच्या बाबतीत हे उत्तर अपुरे पडते. व्यावसायिक फुटबॉल संघ ही अशीच एक संस्था होय. इंग्लंडने हा प्रश्न फार लवकर सोडवून टाकला. तिथले बहुतेक प्रमुख संघ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच मर्यादित कंपन्या बनू लागले, आणि ज्याची विक्री होऊ शकते ते कधी ना कधी विकले जातेच, या न्यायाने आज मँचेस्टर सिटी अबुधाबीच्या राजघराण्यातील धनिकाकडे, तर न्यूकॅसल सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीकडे आहे. जर्मनीने मात्र आपल्या सर्वोच्च लीगमध्ये, म्हणजे बुंडेसलीगामध्ये, या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले; ते उत्तर किती खरे, किती अर्धे आणि किती दांभिक, याची छाननी करणे उद्बोधक ठरेल.

त्या उत्तराची मुळे फुटबॉलच्याही आधीची आहेत. १८११ मध्ये फ्रीडरिश लुडविग यान याने बर्लिनच्या हाझेनहाइडे येथे खुले व्यायाममैदान काढले, आणि त्या प्रेरणेतून पुढे गावोगाव व्यायाममंडळांचे जाळे पसरले. १९०० साली अमलात आलेल्या जर्मन दिवाणी संहितेने अशा मंडळांना कायद्याचे अधिष्ठान दिले. किमान सात सभासद जमवावेत, घटना लिहावी, न्यायालयाच्या दप्तरी नोंद करावी, नफा वाटून घेऊ नये आणि वार्षिक सभेत प्रत्येकाने एकच मत द्यावे, हा त्या व्यवस्थेचा सर्वसाधारण सांगाडा होय. डॉर्टमुंडचा बोरुसिया संघ १९०९ च्या डिसेंबरात एका मद्यगृहात जन्मला; चर्चच्या युवकमंडळातील तरुणांना पाद्रीबुवांचा फुटबॉलविरोध सहन होईना, म्हणून त्यांनी स्वतःचे मंडळ काढले. आपल्याकडे कोल्हापुरात पेठापेठांतील तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले, त्यांच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला हा प्रकार परका वाटू नये.

अशा हौशी मंडळांच्या देशाने व्यावसायिक लीग काढण्यास पुष्कळ विलंब लावला, यात नवल नाही. १९५४ साली बर्न येथे विश्वचषक जिंकूनही जर्मनीत पाच प्रादेशिक श्रेणी आणि त्यांच्या विजेत्यांची अंतिम स्पर्धा, हीच जुनी घडी चालू होती, आणि उत्तम खेळाडू इटलीतील लिऱ्यांच्या ओढीने आल्प्सपार जात होते. अखेर २८ जुलै १९६२ रोजी डॉर्टमुंड येथे राष्ट्रीय महासंघाच्या सभेने १०३ विरुद्ध २६ मतांनी अखिल देशाच्या एका लीगचा ठराव संमत केला. अर्ज करणाऱ्या ४६ संघांतून १६ निवडले गेले, आणि २४ ऑगस्ट १९६३ रोजी पहिले सामने झाले. पहिला गोल डॉर्टमुंडच्या टिमो कोनिएत्स्का याने पहिल्याच मिनिटात केला, परंतु छायाचित्रकारांची सज्जता होण्यापूर्वीच तो होऊन गेल्यामुळे त्याचे एकही चित्र उपलब्ध नाही. बायर्न म्युनिकला त्या पहिल्या सोळांत स्थानही मिळाले नव्हते.

व्यावसायिकता आली खरी, पण ती बिचकत आली. सर्वसाधारण खेळाडूच्या मासिक प्राप्तीवर १,२०० मार्कांची मर्यादा घातली गेली. माणसाच्या कौशल्याचा बाजारभाव एक आणि सनदशीर भाव दुसरा असला की मधली रक्कम पाकिटातून फिरू लागते, हा सार्वत्रिक अनुभव जर्मनीलाही आला. बर्लिनच्या हेर्था संघाला चोरट्या रकमा दिल्याबद्दल १९६५ मध्ये लीगमधून काढण्यात आले. ६ जून १९७१ रोजी ओफेनबाख संघाचे अध्यक्ष होर्स्ट-ग्रेगोरिओ कानेलास यांनी आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या मेजवानीत पाहुण्यांना ध्वनिफिती ऐकवल्या. सामने हरण्याचे सौदे त्यांत नोंदलेले होते, आणि त्या चौकशीअंती पन्नासहून अधिक खेळाडूंना शिक्षा झाल्या. संघाचे मालक सभासद होते म्हणून कारभार शुद्ध राहिला, असा निष्कर्ष त्या काळावरून कोणासही काढता येणार नाही.

दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणाचे मक्ते कोट्यवधींच्या भावाने जाऊ लागले, १९९५ च्या बॉसमन निकालाने करार संपलेल्या खेळाडूला संघ बदलण्याची मोकळीक दिली, आणि जुन्या मंडळाच्या चौकटीत एवढा व्यवहार मावेना. तेव्हा ऑक्टोबर १९९८ मध्ये महासंघाने एक तडजोड मान्य केली. संघांना आपला व्यावसायिक विभाग कंपनीच्या रूपाने वेगळा काढण्याची मुभा मिळाली; अट एवढीच की, भांडवल कोणाचेही असो, कंपनीतील एकूण मतांपैकी निम्मी आणि वर एक मत मूळ मंडळाच्या हाती राहिलेच पाहिजे. भांडवल आणि मत यांची अशी फारकत करणारी ही तजवीज ‘पन्नास अधिक एक’ या नावाने जगभर ओळखली जाते. बायर्न म्युनिकचे उदाहरण घ्यावे: कंपनीचे ७५ टक्के भाग मंडळाकडे आहेत, उरलेले आदिदास, आउडी आणि आलियान्त्स या तिघांनी सारखे वाटून घेतले आहेत, आणि मंडळाच्या सभासदांची संख्या तीन लाखांच्या वर आहे.

या नियमाविरुद्धची कैफियत लहानसहान नाही, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पहिला आक्षेप असा की नियम सर्वांना सारखा लागत नाही. बायर या औषधकंपनीच्या कामगारांनी १९०४ मध्ये उभा केलेला लेव्हरकुझेन संघ आणि फोक्सवागेनच्या वोल्फ्सबुर्ग नगरातील संघ यांना दीर्घकालीन आश्रयदात्यांच्या सवलतीखाली मोकळीक आहे. लाइपझिगमध्ये तर २००९ साली एका पेयकंपनीने नियमाचे अक्षर पाळून त्याचा आत्मा बाजूला सारला: संघाला कंपनीचे नाव देण्यास मनाई, म्हणून ‘रासेनबॉलस्पोर्ट’ असे अभूतपूर्व नाव घडवून आद्याक्षरे कंपनीची साधली, आणि मताधिकारी सभासद मोजके व मर्जीतले ठेवले. जर्मनीच्या स्पर्धानियामक खात्याने २०२५ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. नियमाचा हेतू ग्राह्य आहे, परंतु सवलती आणि बंद दरवाजे यांनी तो पोकळ होतो, असा त्याचा आशय होता.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. सभासदांची सत्ता समतेची जननी असती तर बायर्नने २०१३ पासून २०२३ पर्यंत ओळीने अकरा विजेतेपदे मिळवली नसती. आणि ती साखळी २०२४ मध्ये तोडली ती एकही सामना न हरणाऱ्या लेव्हरकुझेनने, म्हणजे सवलतीखालील संघाने! तिसरा आक्षेप कारभाराचा. शाल्के या खाणकामगारांच्या संघात मतपेटी सभासदांचीच होती, तरी कर्जाच्या भाराखाली तो २०२१ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला. डॉर्टमुंडने २००० साली भाग शेअरबाजारात विकले, मुखत्यारी मंडळाकडे राहील अशी तरतूद केली, आणि पाच वर्षांच्या आत उधळपट्टीने संघ दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर नेला. २००५ च्या मार्चमध्ये धनकोंनी सवलत दिली म्हणून तो वाचला.

याहूनही गंभीर गोष्ट इतिहासात आहे. ९ एप्रिल १९३३ रोजी, नाझींची सत्ता येऊन जेमतेम दहा आठवडे झाले असता, दक्षिण जर्मनीतील चौदा प्रमुख संघांनी यहुदी सभासदांना मंडळांतून दूर करण्याच्या कामी सहकार्य जाहीर केले, आणि त्यांत बायर्न म्युनिकही होता. त्याच बायर्नचे यहुदी अध्यक्ष कुर्ट लांडाउअर यांना पद सोडावे लागले, पुढे त्यांनी दाखाऊची छळछावणी भोगली, ते स्वित्झर्लंडात परागंदा झाले, आणि युद्धानंतर परत येऊन पुन्हा अध्यक्ष झाले. असे असूनही त्यांची स्मृती संघाने कित्येक दशके अंधारात ठेवली, आणि ती उजेडात आणण्यात पुढाकार घेतला तो उभ्या स्टँडमधल्या तरुण पाठिराख्यांनी. सभासदत्व हे सद्गुणाचे प्रमाणपत्र नव्हे, याला याहून कठोर पुरावा नको.

मग या नियमाने साधले काय? समता साधली नाही, शहाणपण साधले नाही, सदाचारही साधला नाही, हे सारे मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे: जर्मन प्रेक्षकाकडे नकाराचा अधिकार आहे. कारभार कसा करावा हे लाखो सभासदांना ठरवता येत नाही, ते त्यांचे कामही नव्हे. परंतु काय विकायचे नाही हे ते ठरवू शकतात. १८ एप्रिल २०२१ रोजी इंग्लंड, स्पेन आणि इटली येथील बारा धनाढ्य संघांनी स्वतःपुरती बंदिस्त ‘सुपर लीग’ जाहीर केली तेव्हा त्यांत एकही जर्मन संघ नव्हता. बायर्न व डॉर्टमुंड यांच्या चालकांना मोह झाला नसेल असे म्हणवत नाही, परंतु सभासदांसमोर तो ठराव घेऊन उभे राहण्याची छाती कोणाची झाली असती? त्याच वर्षी बायर्नच्या वार्षिक सभेत कतारच्या विमानकंपनीच्या प्रायोजकत्वावरून रण माजले, आणि २०२३ मध्ये ते प्रायोजकत्व संपुष्टात आले.

सर्वांत बोलके उदाहरण त्यानंतरचे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्या दोन श्रेणींच्या ३६ संघांपैकी २४ संघांनी, म्हणजे आवश्यक तेवढ्या नेमक्या दोनतृतीयांशांनी, प्रक्षेपणउत्पन्नाचा काही हिस्सा वीस वर्षांसाठी एका खाजगी गुंतवणूक कंपनीस देऊन सुमारे शंभर कोटी युरो उभारण्यास संमती दिली. हॅनोव्हरच्या प्रतिनिधीस त्याच्या मूळ मंडळाने विरुद्ध मत देण्याची आज्ञा केली होती. मतदान गुप्त असल्यामुळे त्याने ती पाळली की मोडली हे सिद्ध करता येईना, आणि नियमाच्या मर्मावरच घाव बसला असे पाठिराख्यांस वाटले. मग देशभरच्या मैदानांत सामन्याची पहिली बारा मिनिटे घोषणांविना जाऊ लागली, गवतावर टेनिसच्या चेंडूंचा आणि चॉकलेटच्या सोनेरी नाण्यांचा वर्षाव होऊ लागला, सामने खोळंबू लागले. आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी लीगने तो व्यवहार गुंडाळून ठेवला. तोडफोड नाही, कोर्टकचेरी नाही. ज्यांच्या निष्ठेवर दुकान चालते त्यांनी दाखवलेली ती जरब होती.

या अधिकाराची किंमत जर्मनी मोजतो. १९९७ मध्ये डॉर्टमुंडने चॅम्पियन्स लीग जिंकल्यानंतर तो चषक उचलणारा जर्मन संघ बायर्नवाचून दुसरा नाही, आणि इंग्लंडच्या तिजोऱ्यांपुढे जर्मन संघांना आपले उमदे खेळाडू दरसाल सोडून द्यावे लागतात. त्याच्या मोबदल्यात डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे पंचवीस हजार माणसे माफक दरात उभी राहून सामना पाहतात, आणि बर्लिनच्या उनियोन संघाचे मैदान २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी आपल्या हातांनी नव्याने बांधले. ज्याला आपण केवळ गिऱ्हाईक आहोत असे वाटते तो माणूस सुट्टीच्या दिवशी सिमेंटच्या पाट्या उचलत नाही.

आपल्या देशात नेमकी उलट घटना घडली. २०१४ मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग संघांचे विक्रीयोग्य परवाने देऊन उभारली गेली, तिच्यात खालच्या श्रेणीत जाण्याचे भय नव्हते, आणि जुन्या स्पर्धेचे स्थान उतरते दिसताच २०१६ मध्ये गोव्यातील साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या नामांकित संघांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. कलकत्त्याच्या मोहन बागानने २०२० मध्ये आपल्या फुटबॉल विभागाचे ऐंशी टक्के भाग एका उद्योगसमूहास दिले. नावापुढे लागलेली परकी आद्याक्षरे काढून घेण्यासाठी पाठिराख्यांना तीन वर्षे आर्जवे आणि आंदोलने करावी लागली, कारण त्यांच्या हाती निर्णायक मत नव्हते. आणि भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली केलेला पंधरा वर्षांचा व्यापारी करार मुदतीस आला तेव्हा २०२५ चा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही; एका करारनाम्यावर टांगलेल्या लीगला दुसरा आधार नव्हता.

एका सभासदाला एक मत हे तत्त्व आपल्याला नवे नाही. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे फ्रेडरिक निकल्सन यांचा अहवाल होता आणि त्या अहवालामागे राइफाइझेन या जर्मन नगराध्यक्षाच्या ग्रामीण पतपेढ्यांचा आदर्श होता. प्रवरेच्या काठी पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्याची वंशावळ अशा रीतीने ऱ्हाइनच्या खोऱ्यापर्यंत जाते. सहकारात मत सभासदाचे आणि कारभार मूठभरांचा, ही विकृतीही आपण पुरेपूर पाहिली आहे. म्हणून जर्मन उदाहरणाकडे भाबडेपणाने पाहण्याचे कारण नाही. त्यातून घ्यावयाचा धडा मर्यादित पण पक्का आहे: भांडवलाला दार उघडे ठेवावे, तज्ज्ञांना कारभार द्यावा, मात्र संस्थेचे नाव, तिचे गाव, तिचा रंग आणि तिची विक्री या चार बाबींवरचे अखेरचे मत सभासदांकडून कोणत्याही किंमतीस काढून घेऊ नये. ग्रंथालय असो, नाट्यसंस्था असो वा फुटबॉलचा संघ, घटना लिहिण्यास बसणाऱ्यांनी लाभाच्या वाटपाचे कलम मागाहून लिहावे. नकाराचे कलम आधी लिहावे.