तिघं जमले तरी

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गेम मास्टर होतो, तो जग उभं करतो. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र घेतात. ‘समोर ओलसर भिंतींचा जिना आहे, खालून कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज येतोय. काय करणार?’ एवढं विचारलं की खेळ सुरू. पात्र काय करतंय ते खेळाडू सांगतो आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगतो. टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणतात तो हा खेळ. कॉलेजात रात्र-रात्र जागून तो खेळलेली माणसं पस्तिशीत भेटतात तेव्हा म्हणतात, आता कुठलं जमतंय! हे ऐकून मला दरवेळी हळहळ वाटते, कारण सोडून द्यावा असा हा खेळ नाही.

वेळ नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नसतं. पण हा खेळ रिकामटेकड्या माणसांनी काढला असं मात्र कुणी समजू नये. १९७२ साल. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनीव्हा हे छोटं गाव. गॅरी गायगॅक्स यांची विमा कंपनीतली नोकरी गेलेली, घरात पाच मुलं, पोटासाठी बूट दुरुस्तीचं काम. डेव्ह आर्नेसन या मित्राने त्यांना स्वतःचा ‘ब्लॅकमूर’ नावाचा खेळ दाखवला आणि त्यावरून गायगॅक्स यांनी एका पडक्या किल्ल्याखालचं तळघर कागदावर आखलं. पहिले खेळाडू कोण, तर त्यांचीच दोन मुलं, अर्नी आणि एलिझ. मुलांनी तळघरातल्या राक्षसांना हरवलं, त्यांना तांब्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी सापडली आणि ती इतकी जड निघाली की उचलता येईना! मुलं झोपायला गेल्यावर वडील लगेच तळघराचा दुसरा मजला आखायला बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलांच्या जोडीला तीन मित्र आले. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आला तो या संध्याकाळींतून. चिंता, पोरंबाळं आणि पोटाचा उद्योग यांच्यामधून काढलेल्या संध्याकाळी होत्या त्या.

अडचण वेगळीच आहे. पोहायला एकट्याने जाता येतं, पुस्तक एकट्याने वाचता येतं. इथे पाच माणसं एकाच वेळी मोकळी लागतात. ग्रुपवर विचारावं, ‘या रविवारी?’ तर एकाकडे पाहुणे, एकीच्या मुलीची सोमवारी परीक्षा, एकाची नाइट शिफ्ट. ‘मग पुढच्या?’ पुढच्या रविवारी लग्न. प्रत्येकाचं कारण रास्त असतं, त्यामुळे कुणावर रागावताही येत नाही. असे दोन महिने गेले की मागच्या सेशनला गोष्ट कुठे थांबली होती, हेच कुणाला आठवत नाही.

यावर मला पटलेला तोडगा बेन रॉबिन्स यांच्या ‘वेस्ट मार्चेस’ नावाच्या कॅम्पेनमधला, म्हणजे अनेक बैठकी चालणाऱ्या खेळातला आहे. खेळाडू दहाहून जास्त, पण ठरलेला वार नाही आणि ठरलेला चमूही नाही. ज्यांना सवड आहे त्यांनी आपसांत जमवायचं, कुठे जायचं ते ठरवायचं आणि गेम मास्टरला कळवायचं. सगळ्या मोहिमा एकाच गावातून निघायच्या आणि सेशन संपेपर्यंत परत गावात पोहोचायच्या. ही शेवटची अट मला फार आवडते. रानात अर्ध्यावर कुणी अडकून पडत नाही, म्हणून पुढच्या वेळी वेगळेच चार जण निघू शकतात. आधीच्यांनी काढलेला नकाशा आणि सांगितलेल्या हकीकती घेऊन ते आणखी पुढे जातात. गैरहजेरीने गोष्ट मोडत नाही, कारण ती गैरहजेरी धरूनच रचलेली असते.

तयारीला वेळ मिळत नसेल तर त्याचीही सोय आहे. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या ‘फियास्को’ला गेम मास्टरच लागत नाही. तीन ते पाच जण बसतात आणि एका बैठकीत अख्खी गोष्ट संपते. अगदी एकट्याने खेळायचे खेळही १९७६ पासून आहेत. ते चांगले आहेत, पण मला त्यांत करमत नाही. मी या टेबलाशी जाते ती माणसांसाठी.

माझी एक मैत्रीण दिवसभर लोकांचे जीएसटी रिटर्न भरते. खेळात ती एक खोटारडा, म्हातारा चोर असते. परवा त्याने दरवानाला थाप मारली, ‘मी राजाचा हरवलेला काका आहे.’ तिने फासा टाकला, एक आला, म्हणजे थाप सपशेल फसली. टेबलावर एकच हलकल्लोळ! ती मात्र शांतपणे त्या म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाली, ‘बाळ, राजालाही आधी कुणी ओळखलं नव्हतं.’ वीस वर्षांच्या ओळखीत मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. लग्नकार्यात भेटून, चहा पिऊन हे ऐकायला मिळत नाही. दोन-अडीच तास फोन बाजूला ठेवून माणसं एकमेकांचं वाक्य पुरतं ऐकून घेतात आणि त्यावर आपलं रचतात. मोठेपणी असं दुसरीकडे कुठे घडतं, मला सांगा.

म्हणून भिशीसारखं करावं. भिशीची तारीख दर महिन्याला नव्याने विचारत नाहीत, ती ठरलेलीच असते. दुसरा शनिवार धरा, बँकवाल्यांनाही सुट्टी असते. साडेसातला सुरू, दहाला बंद. रंगात आलं तरी दहाला बंदच, कारण उशीर झाला की घरच्यांची कुरकुर सुरू होते आणि पुढचा शनिवार धोक्यात येतो. जेवून यायचं, म्हणजे यजमानाच्या घरी स्वयंपाकाचा घोळ नको. तिघं जमले तरी फासे बाहेर काढायचे. जो आला नाही त्याचं पात्र गावात घोडे सांभाळत थांबलंय असं धरायचं आणि काय काय घडलं ते त्याला रात्रीच चार ओळींत ग्रुपवर लिहून पाठवायचं.